पिढीला एक

उद्यमबागेतल्या आमच्या लॅबमध्ये
समुद्र येतो तो थर्माकोलच्या खोक्यातून.
हरभऱ्याच्या डाळीएवढा कातडीचा तुकडा,
नळीवर नंबर, तारीख, अक्षांश-रेखांश.
इराप्पा खोकं टेबलावर ठेवून विचारतो,
"मॅडम, ह्यात मासा किती आणि बर्फ किती?"
बर्फच जास्त, मी म्हणते.

मी देवमासा पाहिलेला नाही.
समुद्र दोनदा. कारवारला, मग वेंगुर्ल्याला.
तिसऱ्यांदा चोर्ला घाटात उलट्या झाल्या
आणि अर्ध्यातून परत आलो.
पण ह्या नळ्यांतल्या सगळ्यांच्या आया
मला अक्षरांनी ठाऊक आहेत.

उन्हाळाभर ती दक्षिणेच्या बर्फाकाठी एकत्र चरतात,
हजारोंनी, एकाच ताटात.
थंडी आली की पांगतात.
काही मोझांबिकच्या किनाऱ्याला,
काही ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला,
जी जिथे जन्मली तिथे बाळंतपणाला.
वाट आईनं दाखवायची, एकदाच, पहिल्या वर्षी.
आपल्याकडच्यासारखंच माहेर म्हणावं,
तर देवमाशिणीला सासर नाहीच,
जन्मभर माहेरच.
म्हणून आईकडून आलेल्या ओळीत
चार-सहा अक्षरं इकडे निराळी, चार-सहा तिकडे.

होसमनी सर दर बॅचला कणकुंबीचं उदाहरण देतात.
डोंगर एक, ढग एक.
ह्या उताराचं पाणी मलप्रभा होऊन पूर्वेला निघतं,
पलीकडचं म्हादईला मिळून गोव्याला.
पाण्याला विचारलं तर ते काय सांगणार,
कुठल्या दगडावर फाटलं?
पोरं वहीत डोंगर काढतात. दोन बाण काढतात.

एक्केचाळीस नंबर मोझांबिकचा.
अक्षरं निघाली ऑस्ट्रेलियाची.

मला वाटलं, माझाच हात खराब.
नवे हातमोजे, नवीन किट, सगळं परत पहिल्यापासून.
मध्येच लाइट गेली, जनरेटर खोकला,
फ्रीजरचा लाल आकडा उणे ऐंशीवरून
उणे चौऱ्याहत्तरपर्यंत चढला, थांबला, उतरला.
पहाटे पुन्हा तीच ओळ.
तिसऱ्यांदाही तीच.

सरांनी चष्मा कपाळावर ढकलला.
"आली असंल एखादी वाट सोडून.
ही, नाहीतर हिची आई, नाहीतर पणजी.
पिढीला एक जरी आली की
दोन्हीकडची अगदी परकी होत नाहीत."
फक्त एक?
"ओंद साक," सर म्हणाले. एक पुरे.
घाईत ते कन्नडमध्ये बोलतात,
आणि मला ते कन्नड आहे हे
जरा उशिरा कळतं.

माझी आई यमकनमर्डीची.
गंगव्वा होती, नंदगडला येऊन
रेशनकार्डावर गंगाबाई झाली.
भांडणं मराठीत, देवाला नवस मराठीत,
आमचा अभ्यास तर मराठीतच, पट्टी हातात घेऊन.
भाकऱ्या मोजायची मात्र ओंद, यरड, मूर.
पैसे तसेच. टाके तसेच.
मी पिपेट धरते तेव्हा ओठ हलतात,
शेजारची तेजस्विनी हसते,
"कुणाशी बोलतेस गं?"
शहाण्णव खाचे भरायचे असतात.
मध्ये भाषा बदलली तर चुकते मी.

रविवारी आईला फोन केला.
म्हटलं, एक मादी सापडली,
आपला समुद्र सोडून दुसऱ्यांच्यात गेलेली.
तिकडेच राहिली, तिकडेच पोरं झाली असतील.
कागदावर आता मी सिद्ध केलंय ते.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली.
आईनं गॅस बारीक केला असावा.
पैसे वाढतील का, तिनं विचारलं.
नाही गं.
मग बराच वेळ काही नाही.
मग,
"तिथं तिच्याशी बोलायला कोण होतं?"

बघून सांगते, म्हटलं मी.